रडारला महाड दिसते का?

कुलाब्याच्या टोकाला वारा नेहमीच जरा चढा असतो. मुंबईची जमीन संपत आली, की दोन्ही बाजूंनी समुद्र जवळ येतो आणि गावातली गर्दी कुठेतरी मागे राहून गेली असे वाटते. या टोकाशी १८२६ साली वेधशाळा उभी राहिली. पुढे कित्येक वर्षे येथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचेही वेध घेत असत. मग मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या. त्यांच्यामुळे नाजूक सुया बिथरतील, म्हणून १९०४ साली ते काम करण्यासाठी अलिबागला नवी वेधशाळा बांधली गेली. थोडक्यात, ऐकायचे असेल तर गलबल्यापासून दूर जावे, हे शहाणपण कुलाब्याला फार जुने आहे.

आज या बाजूला लोक मान उंचावून पाहतात तो एक पांढराशुभ्र गोल घुमट. दुरून एखाद्या राक्षसाने चेंडू खेळता खेळता इमारतीच्या माथ्यावर विसरून टाकला असावा, असा. हाच मुंबईच्या हवामानाचा रडार. घुमटाच्या आत मोठी थाळी गरगर फिरत असते. घुमट तिला वाऱ्यापावसापासून जपतो. सव्वीस जुलै २००५ ला मुंबईजवळ असा डॉप्लर रडार नव्हता. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि इकडे कुलाब्याला फक्त ७३! मध्ये अंतर वीस-एक किलोमीटरचे. म्हणजे कुलाब्याच्या वेधशाळेच्या दारात उभे राहून त्या प्रलयाची कल्पनासुद्धा आली नसती. त्यानंतर काही वर्षांनी हा घुमट आला. २०२२ च्या जानेवारीत उपनगरात वेरावलीच्या टेकडीवर त्याला धाकटे भावंड मिळाले.

माझे माहेर महाडचे. आई अजून तिथेच, दादाकडे, सावित्रीच्या काठच्या आमच्या जुन्या घरात असते. यंदा आषाढात तिचा फोन आला.

"पेपरात लिहिलंय, मुंबईचं रडार अडीचशे किलोमीटरवरचा पाऊस बघतं. मग आमचं महाड दिसतं का गं त्याला?"

मी मराठी शिकवते. रडार या शब्दाबद्दल मला एवढेच सांगता आले असते, की तो उलटा वाचला तरी रडारच राहतो. पण आईचा प्रश्न शब्दखेळाने भागणारा नव्हता. २०२१ च्या जुलैतल्या त्या रात्री आमच्या घरात पाणी शिरले तेव्हा ती जिन्याच्या एकेका पायरीवर कंदील ठेवत वर वर सरकत होती. किती पायऱ्या बुडाल्या ते तिला आजही पाठ आहे. त्याच बावीस जुलैला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये सावित्रीवरचा जुना दगडी पूल रात्रीच्या अंधारात वाहून गेला, दोन एस्ट्या पोटात घेऊन. अशा गावातली बाई 'दिसतं का' म्हणून विचारते, तेव्हा उत्तर नीट शोधून द्यायला हवे.

माझा भाचा पुण्याला इलेक्ट्रॉनिक्सचे पदव्युत्तर शिक्षण घेतो. बोलताना दर वाक्याला एक इंग्रजी शब्द वापरतो, पण मुलगा गुणी आहे. त्याला मी विचारले, तर म्हणाला, "मावशी, फोनवर नाही सांगता येणार. आपण किरणाच्या मागून जाऊ या. कुलाब्याहून निघायचं, आजीकडे राहायचं आणि पुढं घाट चढून वाईला उतरायचं."

श्रावणातली जोडून आलेली सुट्टी साधून आम्ही निघालो.

कुलाब्याला घुमट लांबूनच पाहिला. भाचा म्हणाला, "सगळे याला डोळा म्हणतात. मला तो कान वाटतो. हा ओरडतो आणि मग ऐकतो."

ओरडणे मोठे जबर असते. या जातीच्या रडारची हाक साडेसातशे किलोवॅटच्या घरात जाते. पण ती टिकते किती? सेकंदाचा सुमारे दहा लाखावा भाग! सेकंदाला अशा सहाशे हाका धरल्या, तरी मधली शांतता हिशेबात घेऊन सरासरी निघते साडेचारशे वॅट. म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरएवढी. बाकीचा सगळा वेळ नुसते कान देऊन ऐकायचे. परत येते ते इतके क्षीण, की एका वॅटचे एकावर चौदा शून्ये इतके भाग करावेत आणि त्यातला एखादा उचलावा. तोही ऐकू यावा, अशी अपेक्षा असते.

"म्हणून रडारची खरी परीक्षा कानाची," तो म्हणाला. "यंत्राची स्वतःचीच एक सूक्ष्म कुजबुज असते. ते नुसतं गरम आहे म्हणूनही आत खरखर चालते. पावसाचा आवाज त्या खरखरीच्या वर आला तर कळायचा, नाहीतर बुडाला."

आता आमच्या लक्षात आले, की कान तिखट करायचा तर अनेक वाटा आहेत आणि प्रत्येक वाटेवर जकात आहे. थाळी मोठी केली तर जास्त ऐकू येते; पण ती उंचावर, वादळवाऱ्यात फिरवायची कशी? हाक लांबवली तर परतणारा आवाज वाढतो. पण मग जवळजवळच्या दोन सरी एकमेकींत मिसळून एकच वाटतात. थाळी सावकाश फिरवून एकेका दिशेला जास्त वेळ ऐकावे, तर खरखरीतून पाऊस वेगळा निघतो. पण सगळे आकाश पाहून होईपर्यंत ढग पुढे निघून गेलेला! सरकारी अंदाजपत्रकासारखेच हे. इकडे घातले की तिकडे कमी पडते.

बाहेरचा गलबला निराळाच. ऐन सूर्योदयाला किंवा सूर्यास्ताला थाळी सूर्याकडे वळली, की रडारच्या पडद्यावर त्या दिशेला एक सरळ रेघ उमटते. सूर्य स्वतः रेडिओलहरी फेकत असतो त्याची ती रेघ. तज्ज्ञ मंडळी मोठी धोरणी. त्यांनी या उपद्रवालाच कामाला लावले. सूर्य कुठे असणार हे पंचांगाइतके पक्के ठाऊक असते, तेव्हा थाळीचे तोंड बरोबर आहे की नाही आणि कान मंदावला की काय, हे ते सूर्यावरून तपासतात. माणसाने केलेला गलबला मात्र इतका उपयोगी नाही. वेरावलीचा रडार पाच सेंटिमीटरच्या आसपासच्या लहरी वापरतो, आणि घराघरांतल्या वायफायच्या काही लहरी नेमक्या याच शेजारच्या. अशा रडारांना जगभर हा त्रास होतो. १९०४ साली ट्रामगाड्या होत्या, आता हे.

मुंबई–गोवा महामार्गाबद्दल दिवाळीच्या शुभ अंकात काही न लिहिलेले बरे. पनवेल, पेण, वडखळ करीत एस्टी धक्के देत निघाली. आम्ही रस्त्याने वळणे घेत होतो आणि डोक्यावरून कुलाब्याचा किरण सरळ रेषेत चालला होता: बंदरावरून, अलिबागच्या अंगाने, रोह्यावरून थेट महाडकडे. भाच्याने वहीत रेघ मारून दाखवली. एक पृथ्वीची, वाकलेली; दुसरी किरणाची, किंचित वर उचललेली.

येथे माझ्या पहिल्यांदा लक्षात आले, की 'अडीचशे किलोमीटर दिसते' यात केवढी मखलाशी आहे. समोरच्या इमारती आणि टेकड्या चुकवायच्या म्हणून किरण अगदी आडवा सोडत नाहीत. अर्धा अंश वर उचलला असे धरले, तर रोह्यावर, साठ-एक किलोमीटरवर, तो पाऊण किलोमीटर उंचीवरून जातो. महाड सरळ रेषेत कुलाब्यापासून ११० किलोमीटर. तिथवर पृथ्वी आणखी खाली वाकलेली. किरणाचा मध्य पावणेदोन किलोमीटरवर! हवेमुळे किरण थोडासा खाली वाकतो, तो हिशेबात धरूनही हे उत्तर आहे. शिवाय किरण काही सुईसारखा राहत नाही. देवळातल्या झांजेचा आवाज पसरावा तसा तो पसरतो. महाडवर त्याची जाडी जवळजवळ दोन किलोमीटर झालेली असते. त्याच्या खालच्या कडेखाली सुमारे पाऊण किलोमीटर हवा उरते. ती त्याच्या दृष्टीने नाहीच.

"आणि आवाज किती कमी होतो?" मी विचारले.

"पावसाच्या बाबतीत अंतर दुप्पट झालं की चौथा हिस्सा. तेवढं चालतं गं. एकाकी विमान असतं तर सोळावा हिस्साच उरला असता. पाऊस निदान किरणाची सगळी जाडी भरून टाकतो. अडचण होते ती पाऊस उथळ असला म्हणजे. किरणाचा खालचाच भाग ओला आणि वरचा कोरडा. मग एकूण हिशेबात मोठा पाऊससुद्धा किरकोळ दिसतो."

माणगाव मागे पडले. बाहेर भातखाचरांत पाणी चकाकत होते. ढग इतके खाली उतरले होते, की डोंगरांना खांद्यापासून वर काही नव्हतेच. हे ढग, म्हणजे आमच्या कोकणातला नेहमीचा पाऊस, बहुधा उथळच असतो. समुद्रावरून येतो, सह्याद्रीला टेकतो, उंच गडगडाटी मनोरे न बांधताच दिवसरात्र कोसळतो. वळवाचा पाऊस गाजावाजा करून दहा-पंधरा किलोमीटर उंच चढतो. रडारला तो लांबूनही दिसतो. आणि गावे वाहून नेणारा हा खालमानेचा पाऊस नेमका किरणाच्या पायाखालून निसटण्याचा धोका!

महाडला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आईने गरम गरम तांदळाची भाकरी आणि कुळथाचे पिठले केले होते. तिचा नातू जेवायला बसला आणि प्रश्नाचे उत्तर ताटावरच देऊ लागला.

"आजी, दिसतं. पण तुझं घर नाही दिसत. घरावरचं आभाळ दिसतं."

"आभाळ काय, मलाही दिसतं," आई म्हणाली.

पुढचे तिला समजावताना त्याने ताटाभोवती पाण्याचे थेंब मांडले. एक मोठा, काही बारीक. रडारला थेंब दिसतो तो त्याच्या व्यासाच्या सहाव्या घातात. म्हणजे एक मिलिमीटरचा थेंब जेवढा आवाज परत पाठवतो, त्याच्या चौसष्टपट आवाज दोन मिलिमीटरचा पाठवतो. पाणी मात्र त्याच्यात आठपटच. तेव्हा एक मोठा थेंब पडला काय किंवा चौसष्ट बारीक पडले काय, रडारला सारखेच. पण बारीक थेंबांत पाणी आठपट! आमच्या घाटमाथ्यावरचा पाऊस बारीक थेंबांचा, दाट. तो रडारच्या कानाला सौम्य वाटतो आणि नदीला मात्र पुरेपूर कळतो.

अतिशयोक्ती अलंकार मी पंधरा-वीस वर्षे शिकवते आहे. पण मोठ्याचा आवाज चौसष्टपट आणि बारक्यांचे पाणी आठपट, हे निसर्गाचे गणित मला कुठल्याही अलंकारापेक्षा चटका लावून गेले.

"मग मोजतात कसं?" आईचा सरळ प्रश्न.

"आवाजावरून पाऊस किती, याचं एक सूत्र असतं. कॅनडातल्या मार्शल आणि पामर यांनी १९४८ साली थेंबांच्या आकाराचा नियम मांडला, तेव्हापासून अशी सूत्रं वापरतात. पण ती सगळीकडे सारखी लागू पडत नाहीत. म्हणून जमिनीवर मोजलेल्या पावसाशी ताडून बघावं लागतं."

आई उठली आणि फडताळातून वह्यांचा गठ्ठा घेऊन आली. माझे वडील शाळेत मास्तर होते. अंगणात नरसाळे लावलेले एक मापाचे भांडे ठेवून ते रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजीत आणि वहीत टिपून ठेवीत. ते गेल्यावर आईने तो वसा सोडलेला नाही. २०२१ च्या जुलैतल्या पानावर एका तारखेपुढे आकडा नाही. 'भांडे वाहून गेले' एवढेच तिच्या वळणदार अक्षरात लिहिलेले आहे. भाचा त्या पानाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "आजी, रडारला जे लागतं ते तुझ्याकडे आहे." आई म्हणाली, "मग ने लिहून." आणि तो खरेच रात्री अकरापर्यंत आकडे उतरवीत बसला.

दुसऱ्या दिवशी घाट चालू असल्याची चौकशी करून महाबळेश्वरची गाडी धरली. पोलादपूर सोडले, की आंबेनळीचा घाट लागतो. पावसाळ्यातल्या त्याच्या रूपाचे वर्णन करू लागले तर अंकाची पाने पुरायची नाहीत. एका बाजूला कडा, त्याच्यावरून सुटलेले धबधबे गाडीच्या टपावर पाणी शिंपडताहेत; दुसऱ्या बाजूला धुके, आणि धुके फाटले की खाली सावित्रीचे खोरे, ओल्या पोपटी रंगाचे. मध्येच दरड काढल्याच्या ताज्या खुणा. लाल माती रस्त्यावर सांडलेली. गाडीतले बोलणे अशा जागी आपोआप थांबते.

प्रतापगडाच्या फाट्याजवळ चहा घेताना भाच्याने पुन्हा वही काढली. आता किरणाची गाठ खुद्द सह्याद्रीशी होती. कुलाब्याहून १४० किलोमीटरवर किरणाचा मध्य २.४ किलोमीटर उंच, पण खालची कड सव्वा किलोमीटरच्या आसपास. महाबळेश्वरचे पठार तर त्याहून उंच! म्हणजे किरणाचा तळ डोंगरात रुततो. डोंगराकडून परत येणारा आवाज पावसाच्या मानाने दणदणीत. डॉप्लरची युक्ती अशी, की जे हलत नाही ते काढून टाकायचे. डोंगर हलत नाही, त्याला वगळा. पण वाऱ्याबरोबर आडवा सरकणारा पाऊस रडारपासून दूर जात नाही की जवळ येत नाही. यंत्राला तोही स्थिरच भासतो, आणि डोंगराबरोबर थोडा पाऊसही पुसला जातो. डोंगरापलीकडे जी सावली पडते ती तर वेगळीच. वाई-साताऱ्याकडचा सखल भाग त्या सावलीत.

महाबळेश्वरला उतरलो तेव्हा पाऊस पडत होता असे म्हणवत नाही. आम्ही पावसाच्या आत होतो. थेंब असे नव्हतेच, पिठासारखे काहीतरी हवेत तरंगत होते आणि पाच मिनिटांत साडी चिंब. याच गावी २०२१ च्या बावीस-तेवीस जुलैला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाचही नद्या येथल्याच मानतात. चौघींची वाट कुठलीही असो, सावित्री पश्चिमेला आमच्याकडे उतरते. इथे पडलेले पाणी खाली महाडला पोचायला फार वेळ घेत नाही. तेव्हा आईच्या प्रश्नाचे खरे रूप 'महाड दिसते का' असे नसून 'महाबळेश्वर दिसते का' असे आहे, हे मला पंचगंगेच्या देवळात उभी असताना उमगले.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ साली येथे ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा काढली, ती उगाच नव्हे. ढग इथे दारात येतो. विमान नको, फुगा नको. खिडकी उघडली की ढग!

वाईला उतरताना मोठा चमत्कार दिसतो. पाचगणीपर्यंत पाऊस निम्म्याहून कमी होतो आणि पसरणीचा घाट उतरेपर्यंत ऊन पडलेले असते. वाईच्या घाटावर गणपतीसमोर बायका वाळवण घालून बसल्या होत्या! आम्ही ओल्या चपला हातात घेऊन त्यांच्याकडे आणि त्या आमच्याकडे पाहत राहिलो.

तिथून जीप करून मांढरदेवला गेलो. काळूबाईचे ठाणे, सुमारे तेराशे मीटर उंचीवर. २००५ च्या जानेवारीतल्या यात्रेतली चेंगराचेंगरी अजून कोणी विसरलेले नाही. पायऱ्या चढताना ती आठवतेच. त्या दिवशी गर्दी नव्हती. दर्शन घेऊन आम्ही पश्चिमेच्या कडेला आलो.

याच डोंगरावर पुण्याच्या त्याच संस्थेने घाटातल्या पावसाच्या अभ्यासासाठी काही काळ दोन रडार ठेवले होते. एक तीन सेंटिमीटर लहरींचा, दुसरा आठ मिलिमीटरच्या आसपासचा. कुलाब्याची लहर दहा सेंटिमीटरची. "लहर निम्मी केली," भाचा सांगू लागला, "की तोच थेंब सोळापट आवाज परत देतो. म्हणून आठ मिलिमीटरवाल्याला पावसाच्या आधीचा नुसता ढगसुद्धा ऐकू येतो. कुलाब्याला तो कधीच ऐकू यायचा नाही."

"मग सगळीकडे हेच का लावत नाहीत?"

"कारण आखूड लहर पावसात विरघळते. मुसळधार सर समोर आली, की तिच्या मागं काय चाललंय ते कळत नाही. पावसाच्या मागचा पाऊस लपतो. स्वतःच्या घुमटावर पाण्याचा पापुद्रा धरला, तरी हिची अर्धी शक्ती तिथंच जाते. दहा सेंटिमीटरवाली लहर जाड कानाची, पण दणकट. वादळ समुद्रावर असताना तीच हवी. विशाखापट्टणला १९७० साली चक्रीवादळांसाठी रडार बसवला, तो याच जातीचा."

म्हणजे दूर ऐकणारा बारीक ऐकत नाही, आणि बारीक ऐकणाऱ्याला भर पावसात दूरचे ऐकू येत नाही. मांढरदेवसारख्या उंच जागी, घाटाच्या जवळ, आखूड लहरीचा कान ठेवला, की पृथ्वी वाकण्याचा प्रश्न राहत नाही. किरण डोंगराला अडत नाही. ढगाचा तळ समोरच. त्याची पोच मात्र लहान. एकाने भागत नाही. कुलाब्यासारखे मोठे थोडे आणि असे लहान पुष्कळ, एकमेकांच्या सावल्या भरून काढणारे, अशी मांडणी हवी, आणि त्यांच्या खाली आईच्या नरसाळ्यासारखी साधी मापे गावोगाव हवीत. खर्चाचा आकडा मला ठाऊक नाही. सावित्रीच्या नव्या पुलाला लागला त्याच्याशी तो कोणी ताडून पाहावा, असे मात्र वाटले. तो पूल २०१७ साली, जुना पडल्यापासून वर्षाच्या आत उभा राहिला. मनावर घेतले की आपल्याकडे कामे होतात.

कड्यावरून समोर ढगांची एक लांबच लांब भिंत दिसत होती. महाबळेश्वरच्या अंगावर रेललेली, आमच्या बाजूला कोरडी, पलीकडे कोसळत असलेली. भाच्याने घड्याळ पाहिले. पुण्याची शेवटची गाडी वाईहून साडेपाचला होती. जीपवाला खालून हॉर्न वाजवू लागला, तेव्हा आम्ही चपला पायांत सरकवल्या आणि पायऱ्या उतरू लागलो.